घंटेच्या अलीकडचे आणि पलीकडचे तास

प्राथमिक शाळेच्या मस्टरवर शिक्षिकेच्या नावासमोर येण्याची आणि जाण्याची अशा दोन वेळा नोंदल्या जातात, आणि त्या दोन वेळांच्या दरम्यान जे घडते त्यालाच तिचे काम म्हणण्याचा शिरस्ता सरकारदरबारी, गावात आणि पुष्कळदा तिच्या स्वतःच्या घरातही पडून गेलेला आहे. साडेदहाची घंटा होण्यापूर्वीचे पाच-साडेपाच तास आणि सायंकाळी शाळा सुटल्यानंतरचे जवळजवळ तितकेच तास कोणत्याही दप्तरात दाखल होत नाहीत. परंतु जिला स्वतःची लहान मुले आहेत आणि जिच्या हवाली दुसऱ्यांची वीस-बावीस मुले केलेली आहेत, अशा स्त्रीचा दिवस समजून घ्यावयाचा तर या न नोंदलेल्या तासांपासूनच आरंभ करावा लागतो. जिल्हा परिषदांच्या शाळा चालवणाऱ्या अशा हजारो स्त्रिया महाराष्ट्रात खेडोपाडी आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला आदर असतो, माहिती मात्र फार थोडी असते; आणि त्यामुळे तो आदर शिक्षकदिनाच्या पुष्पगुच्छापलीकडे सहसा जात नाही.

माझी एक भाची सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यात चौथीपर्यंतच्या एका शाळेवर उपशिक्षिका आहे. बिऱ्हाड मेढ्यास, शाळा केळघरच्या अंगाला डोंगरउतारावरच्या एका वस्तीत. घरात नवरा, सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षेही पुरती न भरलेला मुलगा. या तालुक्याची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. येथील कर्ते पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबई-नवी मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी म्हणून ओझी वाहत आलेले आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या श्रमाला संरक्षण मिळाले, पण गावाकडचे घर स्त्रिया, वृद्ध आणि मुले यांच्यावरच राहिले. कित्येक घरांतून आता आईही मुंबईस गेलेली असते आणि मूल आजीच्या पदराखाली वाढत असते. अशा वस्तीतील शाळेत ज्या बाई येतात त्यांच्याकडे पाटी-पुस्तकाखेरीज आणखी पुष्कळ गोष्टींची अपेक्षा मूल न बोलता करीत असते, आणि ती अपेक्षा ओळखण्याची शक्ती अध्यापक विद्यालयातील पदविकेने जितकी येते त्याहून अधिक घरातल्या अनुभवाने येते, असे माझे निरीक्षण आहे.

पावसाळ्यात काही दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा ही सकाळ मी जवळून पाहिली. पाचच्या सुमारास उठायचे, नळाला पाणी येते तेवढ्या वेळात ते भरून घ्यायचे, एका शेगडीवर चहा आणि दुसरीवर रात्री भिजत घातलेली मटकी; मग भाकरी. डबे चार: नवऱ्याचा, मुलीचा, स्वतःचा, आणि सासूबाई व धाकटा यांच्यासाठी झाकून ठेवायचा तो चौथा. भाकरी थापता थापता मुलीला ओट्याजवळच्या पाटावर बसवून ती धडा मोठ्याने वाचायला लावते, आणि तव्यावरची नजर न हलवता ‘पुन्हा वाच, तिथे अर्धा स आहे’ असे सांगते. धाकट्याचे उठणे, त्याचे दूध आणि सासूबाईंच्या गुडघ्याला लावायचे तेल हे सारे याच तासाच्या पोटात बसवायचे असते. या घरात घड्याळाकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण मेढ्याहून सुटणाऱ्या गाडीची वेळ प्रत्येकाच्या अंगात भिनलेली आहे.

त्याच धांदलीत तिने केरसुणीच्या हिरांचा एक जुडगा खाली ओढला, बोटभर लांबीच्या काड्या कात्रीने कापल्या आणि दहा-दहा काड्या मोजून रबराने बांधायला सुरुवात केली. दुसरीच्या मुलांना त्रेचाळीसांतून सतरा वजा करावयाचे होते. तीनांतून सात जात नाहीत, म्हणून ‘हातचा घ्या’ असे सांगून मोकळे होण्याची आपली जुनी रीत. पण मुलाच्या हाती चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या दिल्या, एका गठ्ठ्याचे रबर त्यालाच काढायला लावले, म्हणजे तीनांच्या तेरा काड्या त्याच्या डोळ्यांसमोर होतात, त्यांतून सात काढल्या की सहा उरतात, आणि उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक काढला की दोन. सव्वीस हे उत्तर मग पाठ करावे लागत नाही. या काड्या कोठल्याही खरेदीच्या यादीत नाहीत आणि त्या कापण्यास लागलेली वीस मिनिटे कोठल्याही वेळापत्रकात नाहीत. प्राथमिक शिक्षण ज्याला म्हणतात त्याचा बराचसा भाग अशा वीस-वीस मिनिटांनीच तयार होत असतो, आणि ती मिनिटे स्वयंपाकघरातून उचललेली असतात.

शाळेला शिपाई नाही. चौथीपर्यंतच्या लहान शाळांना तो नसतोच. कुलूप उघडणे, वऱ्हांडा झाडणे, पावसाने आत आलेले पाणी सुपलीने बाहेर काढणे, स्वच्छतागृहात पाण्याची बादली ठेवणे, ही कामे मुले आणि शिक्षक मिळून करतात. मग परिपाठ: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, पाढे. यानंतर दोन खोल्यांत चार इयत्ता बसतात. शिक्षणाच्या हक्काचा जो कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देय असतात. पट वीस-बावीसचा असला तरी दोनच, आणि इयत्ता मात्र चारच्या चार. म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे एकाच वेळी दोन वर्ग असणे हा येथे अपवाद नसून नियम आहे. माझ्या भाचीकडे पहिली आणि दुसरी. दुसरी काड्यांचे गठ्ठे सोडवीत असते तोवर पहिलीतील मुले फरशीवर खडूने काढलेल्या अक्षरांवरून बोट फिरवतात. तिने एका घोळक्यापासून मान वळवली की दुसरा घोळका सुटतो, म्हणून ती दोहोंच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून खाली बसते. खुर्ची आहे, तिच्यावर हजेरीपत्रक असते. ज्या दिवशी मुख्याध्यापकांना पंचायत समितीच्या बैठकीस जावे लागते त्या दिवशी चारही इयत्ता तिच्याच असतात.

पहिलीत एक मुलगा होता. बोलावले तरी येत नसे, सांगितलेले करीत नसे, आणि गावात तो ‘मंद आहे’ असे सर्वांनी ठरवून टाकलेले होते. तिच्या स्वतःच्या धाकट्याला सर्दीनंतर कान फुटण्याचा त्रास झालेला. त्या दिवसांत तो ज्या तऱ्हेने तोंडाकडे टक लावून पाही, नेमकी तीच तऱ्हा तिला या मुलात दिसली. तिने त्याला पाठमोरे उभे करून मागून हलकेच टाळी वाजवली. मान वळली नाही. पायाने फरशीवर थाप दिली, तेव्हा तो दचकला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येते, परंतु त्याची वाट न पाहता तिने मुलाच्या आजीला सोबत घेऊन मेढ्याचा सरकारी दवाखाना गाठला आणि तेथून चिठ्ठी घेऊन साताऱ्यास नेण्याची व्यवस्था लावून दिली. तो आज तिच्या उजव्या हाताला, पहिल्या ओळीत बसतो, आणि त्याच्याशी बोलताना ती आपला चेहरा उजेडाकडे ठेवते. शाळेच्या अहवालात या प्रसंगाला रकाना नाही. मला मात्र आई असण्याचा आणि शिक्षिका असण्याचा परस्परांशी काय संबंध आहे, हे त्या एका टाळीने जितके कळले तितके पुष्कळ ग्रंथांनी कळले नसते.

दुपारच्या सुट्टीत पोषण आहार. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली ही योजना आरंभी कोरड्या तांदळाची होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले, आणि आज पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे तिचे प्रमाण आहे. स्वयंपाक गावातीलच एक मावशी करतात. वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखून तशी नोंद करावयाची असते. मी तेथे होतो त्या दिवशी मटकीची खिचडी होती. भाचीने चमचाभर तोंडात घातली, जरा थांबली आणि मावशींना म्हणाली, ‘मावशी, मटकी दाताखाली येतेय, अजून दोन वाफा येऊ द्या. लहान्यांचं पोट दुखेल.’ दोन वाफा आल्या. मग मुलांना ओळीत बसवणे, हात धुतले की नाही ते पाहणे, कोणी ताटात टाकले आणि कोणी दोनदा मागितले यावर लक्ष ठेवणे. सोमवारी दोनदा मागणारी मुले कोणती, हे तिला पाठ आहे. रविवारी त्यांच्या घरी दोन्ही वेळची चूल पेटलेली नसते.

आता दप्तराकडे वळू, कारण या दिवसातील सर्वांत निष्फळ वेळ तेथे जातो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर, दैनिक टाचण, घटक नियोजन, आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या नोंदी, तांदळाचा साठा, शेरेबुक, हालचाल रजिस्टर. आणि याशिवाय तीच माहिती पुन्हा यूडायसच्या, सरलच्या आणि पोषण आहाराच्या संकेतस्थळांवर भरणे. त्यांतील काही नोंदी आवश्यक आहेत, यात शंका नाही. जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेच्या एका ओळीवर मुलाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असते. परंतु व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर दुपारी दोन वाजता ‘तातडीची माहिती, आज सायंकाळपर्यंत’ असा हुकूम यावा, डोंगरात मोबाईलला रेंज नसल्यामुळे शिक्षिकेने वर्ग सोडून टेकाडावर जाऊन तो वाचावा, आणि ती माहिती गेल्या महिन्यात दिलेलीच असावी, ही कामाची पद्धत मुलांच्या हक्काच्या वेळेवर उभी आहे. हक्क हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. शिक्षणहक्काच्या त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन झाले पाहिजे. आणि शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे पंचेचाळीस तास धरलेले आहेत, ते पाठाच्या पूर्वतयारीसह.

हे पंचेचाळीस तास जरा मांडून पाहावेत. साडेदहा ते पाच असे पाच दिवस आणि शनिवारची सकाळची शाळा मिळून साधारण छत्तीस तास भरतात. उरलेले नऊ तास पूर्वतयारीचे, हे कायद्यालाच मान्य आहे. ते कोठून काढावयाचे हे मात्र त्याने सांगितलेले नाही. ज्याच्या घरी ताट वाढून मिळते तो ते सायंकाळी काढू शकतो. जिला स्वतः ताटे वाढावयाची आहेत तिला ते रात्री साडेनऊनंतर, धाकट्याला थोपटून झाल्यावर, किंवा पहाटे भाकरीच्या आधी काढावे लागतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची जी पाहणी केली, तीत असे आढळले की, घरातील बिनमोबदला कामात भाग घेणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवते आणि पुरुष ९७ मिनिटे. पाच तास आणि दीड तास. नोकरीची सही दोघांची सारखीच असते. पण त्या सहीवर पोहोचण्यापूर्वी एकाचा दिवस सुरू झालेला असतो आणि दुसरीचा अर्धा संपलेला असतो.

आपल्याकडे शिक्षिकेची नोकरी जन्मास आली ती कोणत्या परिस्थितीत, हे पाहिले म्हणजे या अडचणीचे मूळ काही अंशी सापडते. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवू लागल्या तेव्हा त्यांना स्वतःचे मूल नव्हते. यशवंत दत्तक आला तो १८७४ मध्ये. पुढे महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जो आश्रम काढला आणि जो हिंगण्यास स्थिरावला, त्यातून शिकलेल्या अनेक स्त्रिया शिक्षिका झाल्या. कोसबाडच्या अनुताई वाघ तेराव्या वर्षी विवाहित आणि सहा महिन्यांत विधवा झालेल्या. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनातही रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखाली घडलेल्या स्त्रियांत वैधव्य आलेल्यांची संख्या मोठी होती. या स्त्रियांनी महाराष्ट्राला वाचायला शिकवले, त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु त्यांच्या काळात शिक्षिका म्हणजे जिला संसार नाही अशी स्त्री, हे गृहीत धरूनच सारी व्यवस्था बेतली गेली: शाळेची वेळ, बदलीचे नियम, मुख्यालयी राहण्याची अट, सगळे काही. नंतर संसारी स्त्रिया या नोकरीत आल्या, मोठ्या संख्येने आल्या, आणि ते गृहीत मात्र कोणी तपासून पाहिले नाही.

याला एक थोर अपवाद आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कामास आरंभ केला आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसून आले की, मोठी मुलगी शाळेत येत नाही याचे कारण तिला शिकावयाचे नाही हे नसून तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे, हे आहे. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकाच व्यवस्थेखाली आणली. विकासवाडी ती हीच. कडेवरचे मूल पाळण्यात गेले आणि मुलगी वर्गात आली. मुलाची काळजी आणि मुलाचे शिक्षण या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत वाटता येत नाहीत, हे त्या दोघींनी ओळखले होते. त्यांनी हे विद्यार्थिनींसाठी केले. आज शिक्षिकांसाठी ते करण्याची वेळ आलेली आहे.

कारण माझ्या भाचीच्या दिवसातील खरा पेच धाकट्या मुलाचा आहे. प्रसूतीची १८० दिवसांची रजा केव्हाच संपली. बालसंगोपनासाठी राज्याने सबंध सेवेत मिळून १८० दिवसांची वेगळी रजा ठेवलेली आहे, आणि ती ठेवणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत; पण द्विशिक्षकी शाळेतील एका बाईंनी रजा घेतली की दुसऱ्या शिक्षकाकडे चार इयत्ता जातात, आणि हे तिला दिसत असते, म्हणून रजा मंजूर होण्याजोगी असूनही अर्ज लिहिला जात नाही. मुलाला ताप आला म्हणजे सासूबाई आणि ती यांच्यात डोळ्यांनीच बोलणे होते. ‘तू जा गं, मी बघते,’ असे त्या म्हणतात आणि ती जाते. दुपारी सुट्टीत टेकाडावर चढून फोन लावते. सासूबाईंच्या गुडघ्यांवर एका शाळेच्या दोन इयत्ता उभ्या आहेत, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी जेथे असतील त्या आस्थापनांत पाळणाघर असावे, असे मातृत्व लाभाच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ठरवले. दोन शिक्षकांच्या शाळेला त्याचा उपयोग नाही.

बदलीचाही प्रश्न आहे. पूर्वी ती मेढ्यापासून दूर, अवघड क्षेत्रात होती आणि नवरा साताऱ्यास. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या संवर्गातून अर्ज करून ती अलीकडे आली. तीस किलोमीटरपेक्षा अधिक अंतरावर नोकरी करणाऱ्या दांपत्यांना हा अग्राधिकार २०१७ च्या धोरणाने मिळाला. पुष्कळ घरे त्यामुळे एकत्र आली, हे मान्य केले पाहिजे.

मोठ्या मुलीविषयी मात्र अधिक लिहावेसे वाटते. ती आईच्याच शाळेत, आईच्याच वर्गात आहे. साताऱ्याच्या एखाद्या इंग्रजी शाळेत घालावे, गाडी दाराशी येते, असा आग्रह नातेवाइकांनी पुष्कळ केला. भाची मला म्हणाली, ‘मामा, मी रोज जे दुसऱ्यांच्या मुलांना वाढते तेच माझ्या लेकीच्या ताटात पडायला नको का?’ या उत्तरात अभिनिवेश नव्हता. तिने वर्षभर विचार करून घेतलेला तो निर्णय होता. गावातील पालकांवर त्याचा जो परिणाम झाला तो शंभर भाषणांनी झाला नसता: बाईंची पोर येथेच शिकते, म्हणजे शाळा चांगली असली पाहिजे. पण या निर्णयाचे मोल त्या सात वर्षांच्या मुलीने दिले आहे. शाळेच्या फाटकातून आत गेली की ती आईला ‘बाई’ म्हणते, हे तिला कोणी शिकवलेले नाही. खाऊ वाटताना तिचा हात शेवटचा. प्रश्नाला हात वर केला तर बाईंची नजर तिच्यावरून पुढे जाते. एकदा खेळताना पडून तिचे ढोपर फुटले; त्याच वेळी पहिलीतील एका मुलीला उलटी झाली होती. आई उलटी झालेल्या मुलीकडे गेली. हिने नळावर जाऊन ढोपर स्वतः धुतले आणि वर्गात येऊन बसली. संध्याकाळी घरी आल्यावर, जेवणाआधी, दोघी मागच्या पायरीवर कितीतरी वेळ बसलेल्या मी पाहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही आणि विचारणेही योग्य वाटले नाही.

नवऱ्याविषयी लिहिणे न्यायाचे आहे. तो साताऱ्यास नोकरी करतो, सज्जन आहे, आणि सुरुवातीची वर्षे ‘मी मदत करतो’ असे म्हणत असे. आता तसे म्हणत नाही. संध्याकाळचे जेवण आणि धाकट्याची आंघोळ ही त्याची कामे आहेत, कोणाला केलेली मदत नव्हे. त्या दीड-दोन तासांत भाची वह्या तपासते. पंधरा दिवसांतून एकदा माता गटाची बैठक असते. शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलांशी घरी कसे खेळावे, भाजी निवडताना रंग आणि मोजणी कशी सांगावी, हे ती गावातील आयांना समजावून देते, आणि त्यासाठी लागणारा निवांतपणा तिला या वाटणीमुळेच मिळतो. जेथे ही वाटणी झालेली नाही तेथे शिक्षिका काय करतात, हे पाहावयाचे असेल तर केंद्रशाळेतील शिक्षण परिषदेच्या दिवशी दुपारी तेथे जावे; सत्राच्या मधल्या सुट्टीत बाया चहा घेत नाहीत, वह्यांचे गठ्ठे उघडतात.

वर्ष फिरते तसे हे वेळापत्रकही फिरते. जूनच्या मध्यावर पाठ्यपुस्तके वाटून प्रवेशोत्सव होतो तोच पावसाला जोर चढतो. मार्चपासून सकाळची शाळा, म्हणजे घरातील पाचची वेळ चारवर येते. १ मे रोजी निकाल. मे महिन्याच्या सुट्टीकडे बोट दाखवून शिक्षकांना बोल लावणारे पुष्कळ असतात. त्या सुट्टीत दाखलपात्र मुलांची घरोघर पाहणी, प्रशिक्षणे आणि मतदार याद्यांची कामे येतात हे त्यांनी जाणून घ्यावे; आणि उरलेले दिवस जर एका आईने आपल्या मुलांजवळ काढले, तर त्यात कोणाचे काही हिरावले गेले असे मला वाटत नाही.

गावाने काय करावे, हे सांगून थांबतो. माहितीचे हुकूम गावाच्या हातात नाहीत. पण शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. रात्री आठनंतर बाईंना फोन करू नये, मुख्याध्यापक बैठकीस गेले तर गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने वर्गात येऊन बसावे, आणि शाळेची झाडलोट व पाणी यांची सोय ग्रामपंचायतीने करावी, एवढे ठराव ही समिती आजच करू शकते. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. केंद्र शासनाच्या ‘मिशन शक्ती’मध्ये २०२२ पासून ‘पाळणा’ ही योजना आहे. अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघर चालवण्याची तरतूद तीत आहे. पुष्कळ गावांत अंगणवाडी शाळेच्या आवारातच भरते. तेथे पाळणाघर झाले तर रोपलावणीला जाणाऱ्या आईचे मूल तेथे राहील, अंगणवाडी सेविकेचे राहील आणि शाळेतल्या बाईंचेही राहील. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची रीत आहे. यांपैकी जी सभा आता जवळ असेल तिच्या विषयपत्रिकेत पाळणाघराची मागणी घालावी, त्यासाठी महिला सभासदांनी आधी एकत्र बसून अर्ज तयार ठेवावा, आणि ठरावाची प्रत एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या तालुका कार्यालयात पोच घेऊन दाखल करावी.